तीनशे मीटरचं घड्याळ

पंढरी विभूतेला डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत दुमडायची सवय गेल्या वर्षी लागली. उजवी बाही होती तशीच, मनगटापर्यंत खाली, बटण लावलेली. बोईसरच्या एका सूत रंगवायच्या कारखान्यात सव्वीस वर्षं पंप चालवणाऱ्या माणसाला पन्नाशी गाठल्यावर एकच हात उघडा टाकावासा का वाटला, असं कुणाच्या मनात आलं, तर उत्तरासाठी फार थांबावं लागत नसे. पंढरी आपणहून हात वर करायचा, किती वाजले ते सांगायचा आणि हात हळूहळू खाली घ्यायचा.

त्या हातावर घड्याळ होतं. चहाच्या बशीहून थोडं लहान, पोलादी, काळ्या तबकडीचं. पट्टा लष्करी हिरव्या रंगाचा, नायलॉनचा, आणि असा लांब की बकलातून बाहेर आलेलं शेपूट चालताना हलायचं. आकडे जाडजूड, आणि काट्यांना असा रंग लावलेला की अंधारात ते हिरवे उजळत. तबकडीच्या भोवती दात्यांचं एक फिरतं कडं होतं. आणि सहाच्या आकड्याच्या वर, चष्मा लावल्याशिवाय पंढरीलाही वाचता न येणारी अक्षरं होती: तीनशे मीटर. याचा अर्थ समुद्रात तीनशे मीटर खोल गेलं तरी या घड्याळात पाण्याचा थेंब शिरणार नव्हता.

आता पंढरी मूळचा आटपाडीकडचा. त्याच्या गावाला विहिरी होत्या, पाणी नव्हतं. गावोगावची पोरं विहिरीत उड्या मारून पोहायला शिकतात, पण पंढरीच्या लहानपणी कुणी त्यांच्या विहिरीत उडी मारली असती तर पाय मोडून घेतला असता. पुढं नोकरीसाठी तो इकडं आला आणि नेमका पाण्याच्या पंपावर लागला. दिवसाला लाखो लिटर पाणी त्याच्या हाताखालून जायचं. पाइपातून येणारा आवाज ऐकून टाकीत किती पाणी आहे ते तो सांगायचा. पण स्वतः तो घोट्याच्या वर कधी पाण्यात गेला नव्हता. ही गोष्ट अख्ख्या बोईसरमध्ये एकाच माणसाला ठाऊक होती, ती त्याच्या बायकोला, इंदुबाईला.

घड्याळाचं खूळ डोक्यात शिरलं ते एका पाणबुड्यामुळं. कारखान्यात जमिनीखाली कच्च्या पाण्याची मोठी टाकी आहे, अठरा फूट खोल. तिच्यातून पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तळाशी एक झडप असते, फूट व्हॉल्व्ह म्हणतात तिला. दोन वर्षांपूर्वी ती अडकली. टाकी रिकामी करायची तर कारखाना दोन दिवस बंद ठेवावा लागला असता, म्हणून मालकांनी पाणबुड्या बोलावला. भाग्येश नाव त्याचं, मालवणकडचा, किडकिडीत, फार न बोलणारा. तोंडात हवेची नळी धरून तो काळ्याशार पाण्यात उतरला आणि दिसेनासा झाला. वर उभ्या असलेल्या पंढरीचा जीव नुसता खालीवर होत होता. बुडबुडे यायचे, थांबायचे, परत यायचे. मग डोकं वर आलं. भाग्येशनं शिडी धरली, मनगट डोळ्यांसमोर आणलं आणि म्हणाला, "सतरा मिनिटं. बसली झडप."

पंढरीला त्या सतरा मिनिटांनी वेड लावलं. आपण वर काठाशी उभं राहून घामानं भिजलो आणि हा बाबा तिथं खाली मिनिटं मोजत होता. चहा पिताना त्यानं घड्याळ बघायला मागितलं. भाग्येशनं ते काढून सरळ त्याच्या हातात दिलं आणि कडं कसं फिरवायचं ते दाखवलं. पाण्यात शिरताना कड्यावरची खूण मिनिट काट्यासमोर आणायची. नंतर किती मिनिटं झाली ते कड्यावरच वाचायचं. कडं एकाच बाजूला फिरतं. खाली कुठं धक्का लागून सरकलंच, तर झालेली वेळ जास्त दाखवील, कमी कधीच दाखवणार नाही. माणूस लवकर वर येईल, उशिरा नाही. एवढ्याशा कड्याच्या मागं कुणीतरी एवढा विचार केला आहे, याचं पंढरीला फार कौतुक वाटलं. त्या दिवशी घरी जाऊन त्यानं ते इंदुबाईला तीनदा सांगितलं. पहिल्यांदा तिनं ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा भाजी चिरत ऐकलं. तिसऱ्यांदा तिनं मीठ आणायला पाठवलं.

पुढं सहा-आठ महिन्यांनी पुण्यात नोकरीला असलेल्या मुलीला, प्रियदर्शिनीला, सांगून त्यानं तसंच एक घड्याळ मागवलं. मुलीनं फोनवर विचारलं होतं, "बाबा, अहो हे पाणबुड्यांचं आहे, तुम्हाला कशाला?" पंढरीनं, मी पाण्यातलाच माणूस की, असं उत्तर दिलं आणि ते देताना आवाज उगाच खोल काढला.

पार्सल आलं. इंदुबाईनं घड्याळ तळहातावर घेऊन दोनदा खालीवर केलं आणि पावशेराचं माप हरवलंय, त्याच्या जागी हे चालेल, एवढंच म्हणाली.

त्यानंतरचे काही महिने विभूत्यांच्या घरात प्रत्येक गोष्टीला वेळ लागू लागला, म्हणजे वेळ मोजली जाऊ लागली. कुकर ठेवला की पंढरी कडं फिरवायचा. चहा उकळायला टाकला की कडं. इंदुबाई शेजारच्या गोजराबाईंशी दारात बोलायला गेली की कडं, आणि ती आत आली की "एकोणतीस मिनिटं" असं जाहीर व्हायचं. दुसऱ्या दिवशी ती चाळीस मिनिटं उभी राहायची. कारखान्यात दुपारच्या वेळी पंढरी पंपहाउसमधल्या स्विचबोर्डामागच्या अंधाऱ्या खोपच्यात जाऊन उभा राहायचा. काटे किती उजळतात ते बघायला. एकदा मेंटेनन्सचे प्रमुख मेहुलभाई तिथं फ्यूज शोधायला आले आणि अंधारात उभा असलेला पंढरी बघून त्यांच्या हातातली बॅटरी पडली. तेव्हापासून कारखान्यात त्याला कॅप्टन म्हणू लागले. मेहुलभाई पालघरला वाढलेले, मराठी चोख बोलणारे आणि चेष्टा करायची संधी न सोडणारे. पण कॅप्टन या नावात चेष्टा आहे हे पंढरीला काही केल्या जाणवलं नाही. त्याला ते आवडलं.

इंदुबाईच्या लक्षात मात्र एक गोष्ट आली होती. हा माणूस आंघोळीला जाताना घड्याळ काढून कोनाड्यात ठेवतो. भांडं विसळायचं असलं तरी काढतो. एके दिवशी तिनं ते सहज विचारलं. समुद्रात तीनशे मीटर चालतं ना, मग बादलीभर पाण्याचं काय? साबणाचं पाणी वाईट असतं, असं पंढरी म्हणाला. तिनं मान डोलावली. ती मान डोलावण्याची तऱ्हा त्याला त्या दिवसभर टोचत राहिली.

जानेवारीत कारखान्याची सहल चिंचणीच्या किनाऱ्यावर गेली. सगळी कुटुंबासह आली होती. मेहुलभाईंनी उंबाडियूचं, म्हणजे विस्तवात भाजलेल्या कंदांचं आणि शेंगांचं, मडकं आणलं होतं, सुरूच्या झाडांखाली सतरंज्या पसरल्या होत्या. जेवणं झाल्यावर पुरुषमंडळी पँटी दुमडून पाण्यात गेली. पंढरीही गेला. घोट्यापर्यंत. घड्याळ त्यानं अर्थातच घातलं होतं, आणि बाही अर्थातच दुमडलेली होती. मेहुलभाई कमरेइतक्या पाण्यातून ओरडून म्हणाले, कॅप्टन, तीनशे मीटर जाऊ दे, निदान तीन फूट तरी या. सगळे हसले. मग ते जवळ आले आणि अगदी सरळपणानं, चेष्टेचा सूर न लावता त्यांनी विचारलं.

"पंढरीभाऊ, तुम्हाला पोहता येतं ना?"

"येतं की," पंढरी म्हणाला.

मागं इंदुबाई उभी होती. साडीचा काठ ओला होऊ नये म्हणून हातात धरून ती लाटांकडं बघत होती. तिनं ऐकलं, आणि ती काहीच बोलली नाही. पंढरीला वाटलं होतं, आता ही काहीतरी म्हणेल. ती हसली असती तरी चाललं असतं. पण लोकांसमोर आपलं खोटं झाकून घेण्यासाठी बायको गप्प उभी राहिली, हे त्याला लाटेच्या पाण्यापेक्षा गार लागलं. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. बोईसर यायला पाच मिनिटं असताना तिनं विचारलं, "आटपाडीला कुठल्या पाण्यात शिकलासा?" पंढरीनं बाहेर बघायचं सोंग केलं. बाहेर कारखान्यांच्या भिंतींखेरीज बघण्यासारखं काही नव्हतं.

चार दिवसांनी त्यानं जिवल्याला गाठलं. जिवल्या कंत्राटी कामगार, सांडपाण्याच्या प्लांटवर गाळ काढायचं काम करायचा. नागझरीच्या पुढं सूर्या नदीकाठी एका पाड्यावर त्याचं घर. पावसाळ्यापुरती डोंगरउतारावरची भातशेती आणि उरलेलं वर्ष कारखाना. तो नदीत बुडी मारून हातानं मासा धरतो, असं सगळे सांगायचे. पंढरीनं त्याला गाळाच्या ढिगाआड बोलावून, इकडंतिकडं बघून, एक काम हाय, कुणाला सांगू नको, असं सुरू केलं. जिवल्यानं समजूतदारपणे मान हलवली. त्याला असं आडोशाला बोलावणाऱ्या बहुतेकांचं काम एकच असायचं.

"ताडी उद्या सकाळला आनतो," तो म्हणाला. "बाटली तुमची आना."

ताडी नको, पोहायला शिकायचंय, हे त्याला पटवायला पंढरीला बराच वेळ लागला. पटल्यावर जिवल्या आणखीच गोंधळला. पोहायला शिकवतात, हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं. त्याच्या पाड्यावर पोरं चालायला लागतात तशी पोहायला लागतात. पण भाऊ म्हणतोय तर येऊ दे, असं त्यानं ठरवलं. शुक्रवारी सगळ्या एमआयडीसीला सुट्टी असते. त्या शुक्रवारी युनियनची बैठक आहे असं घरी सांगून पंढरी शेअर रिक्षानं नागझरीकडं निघाला. पिशवीत टॉवेल होता आणि हातावर घड्याळ होतं.

डोह लहानसा होता. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला वाळू. फेब्रुवारीचं पाणी असं गार की पंढरीचे दात वाजू लागले. तो हाफ पँट घालून कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला, आणि कमरेइतक्या पाण्यात आपण आयुष्यात पहिल्यांदा उभे आहोत, हे त्याच्या लक्षात आलं. जिवल्या पलीकडं पोहत गेला, पोहत आला. "असा," तो म्हणाला. परत गेला, परत आला. "असाच." जिवल्याची शिकवणी इथं संपली.

खडकावर जिवल्याची आई बसली होती, लाडकी म्हातारी. कपडे धुऊन झाले होते, पण समोर एवढी करमणूक चाललेली बघून ती थांबली होती. बायडी, जिवल्याची बायको, तीही हंडा भरून झाल्यावर तिथंच उभी होती. कारखान्यात जिवल्या पंढरीला तुमी म्हणायचा, पण नदीवर सगळ्यांना तूच. म्हातारी थोडा वेळ हसली, मग लुगडं खोचून पाण्यात उतरली. तिनं पंढरीला पाठीवर लोटलं आणि त्याच्या पाठीखाली आपला हात धरला.

"आंग सोड," ती म्हणाली.

पंढरीनं अंग सोडलं असं त्याला वाटलं. पण त्याचा डावा हात ताठ वर होता, पाण्याच्या बाहेर, मूठ घट्ट आवळलेली. जत्रेत कुणी मशाल धरावी तसा. त्यामुळं ते अंग डाव्या बाजूनं बुडायचं, तो धडपडायचा, नाकातोंडात पाणी जायचं आणि उभा राहून खोकायचा. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी म्हातारीनं ती मूठ हातात धरली.

"ह्याला पानी लागलां त बिगडतं का?"

"न्हाय. तीनशे मीटर—" पंढरी म्हणू लागला आणि थांबला.

"मंग वर कशाला धरतंस?"

बायडीनं पदर तोंडाला लावला. म्हातारीनं आणखी काही न विचारता बकल सोडवलं, घड्याळ काढलं आणि आपल्या हातात चढवलं. तिच्या मनगटातून ते गळून पडायला लागलं, तेव्हा तिनं ते कोपराच्या वर सरकवून दंडाला बसवलं, तिथं ते छान बसलं. मग परत हात त्याच्या पाठीखाली धरला. घड्याळ काढल्यानंतरच्या तिसऱ्या वेळी पंढरीला वर आभाळ दिसलं, कान पाण्याखाली गेल्यामुळं सगळं सामसूम झालं, आणि बऱ्याच वेळानं त्याच्या ध्यानात आलं की म्हातारी केव्हाच खडकावर जाऊन बसली आहे. ते ध्यानात आल्याबरोबर तो बुडाला. पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पुढचे शुक्रवार असेच गेले. तो आला की म्हातारी हात पुढं करायची, घड्याळ दंडावर चढवायची आणि कडं फिरवत बसायची. तिला घड्याळ कळत नव्हतं, पण कड्याचा कटकट आवाज तिला फार आवडला होता. एकाच बाजूला फिरतं हे तिनं पहिल्याच दिवशी शोधून काढलं, दुसऱ्या बाजूला फिरवून बघितलं, आणि त्याच्या जिद्दीला हसली. एकदा जिवल्या सहज बोलून गेला की आयला लईच आवडलंय, तिलाच देऊन टाक. पंढरीनं यावर दोन दिवस खरोखर विचार केला. म्हातारीनं एवढं शिकवलं, द्यायलाच हवं, असं त्याला मनापासून वाटत होतं. आणि मनापासूनच त्याला ते देववेना. शेवटी त्यानं तिच्यासाठी बोईसरच्या बाजारातून एक चांगली चादर नेली. म्हातारीनं चादर घेतली आणि घड्याळासाठी नेहमीप्रमाणं हात पुढं केला.

सहाव्या शुक्रवारी पंढरी बारा हात मारून डोहाच्या पलीकडं पोचला. शैली म्हणाल तर काही नव्हती. म्हैस पाण्यातून जाते तसं नुसतं डोकं वर काढून तो गेला. पण गेला. वाळूवर बसून त्याला इतकी धाप लागली होती की आनंद व्हायला थोडा उशीर लागला.

आणि त्याच आठवड्यात कारखान्यातली झडप परत अडकली.

मोठे साहेब स्वतः पंपहाउसमध्ये आले. पाणबुड्या बोलवायचा तर दुपार होणार, तोवर तीन मशिनं थांबणार, म्हणून सगळ्यांचे चेहरे पडलेले. मेहुलभाईंनी वातावरण हलकं करायला म्हणून की खरंच मनात आलं म्हणून कोण जाणे, पण ते म्हणाले, "साहेब, आपले कॅप्टन आहेत की. झडप त्यांना तोंडपाठ आहे, आणि पट्टीचे पोहणारे आहेत."

साहेबांनी पंढरीकडं बघितलं. त्याच्या मनगटाकडं बघितलं. तिथं तसं घड्याळ बघून कुणालाही खरं वाटलं असतं. साहेबांनाही वाटलं. "उतराल का विभूते?" असं त्यांनी अगदी आदरानं विचारलं.

पंढरीला टाकीचं काळं पाणी दिसत होतं. अठरा फूट. बारा हात मारता येतात, हे त्याला आठवत होतं. सव्वीस वर्षांत साहेबांनी त्याला इतक्या आदरानं कधी काही विचारलं नव्हतं, हेही त्याला कळत होतं. क्षणभर, खरं सांगायचं तर क्षणाहून थोडा जास्त वेळ, त्याला उतरावंसं वाटलं. मग त्यानं दुमडलेली बाही खाली घेतली.

"मला पोहता येत न्हाय, साहेब," तो म्हणाला. "चिंचणीला मी मेहुलभाईंना खोटं बोललो. आत्ता सहा शुक्रवार झाले, शिकतोय. जिवल्याच्या आईकडं."

जिवल्या दाराशी घमेलं घेऊन उभा होता, तो खाली बघू लागला. मेहुलभाईंचा चेहरा मात्र उतरला. आपण चेष्टेत एका माणसाला अठरा फुटांच्या टाकीत ढकलत होतो, हे त्यांना तेव्हा उमगलं. ते पुढं आले आणि त्यांनी पंढरीच्या खांद्यावर हात ठेवला. साहेबांनी फोन काढला आणि पाणबुड्याला बोलवायला सांगितलं.

दुपारी भाग्येश आला, तोच मालवणचा. काम झाल्यावर चहा घेताना त्याला पंढरीच्या हातावर घड्याळ दिसलं. आपलंच बघून घेतलंय हे त्यानं ओळखलं असणार, पण तसं काही म्हणाला नाही. त्यानं पंढरीचा हात ओढून घेतला, पट्ट्याचं ते लोंबणारं शेपूट उलटं वळवून दुसऱ्या कडीखाली खोचून दिलं. "असं घाला," तो म्हणाला. "नायतर कुठंतरी अडकतं." एवढं करून तो आपला चहा प्यायला लागला. पंढरी इतके महिने ते शेपूट हलवत हिंडत होता.

संध्याकाळी घरी गेल्यावर, बाहेरून काही कानावर येण्याआधी आपणच सांगावं, म्हणून पंढरीनं इंदुबाईला समोर बसवलं. युनियनची बैठक नव्हती, असं तो सुरू करतोय तोच ती म्हणाली की तिला ठाऊक आहे. गोजराबाईंचा दीर नागझरीच्या लाइनीला रिक्षा चालवतो. तुमचे पंढरीभाऊ दर शुक्रवारी पाड्यावर जातात आणि डोळे लाल करून येतात, ही बातमी गोजराबाईंनी पहिल्याच आठवड्यात आणली होती, आणि ताडी या शब्दावर त्यांनी आवाज पुरेसा खाली आणला होता.

"मग इतके दिवस विचारलं न्हाईस?"

"ताडी प्यालेल्या माणसाच्या कानात वाळू नसती," इंदुबाई म्हणाली. "उशीवर पडायची दर शुक्रवारी. मी झटकत हुते."

पंढरीनं कानात करंगळी घालून बघितली. आपलं गुपित दर शनिवारी सकाळी उशीवरून झटकलं जात होतं, आणि आपण युनियनच्या बैठकीत काय ठरलं ते जेवताना रंगवून सांगत होतो. एकदा तर त्यानं पगारवाढीचीही बातमी दिली होती. ती आठवून त्याचे कान तापले. इंदुबाई उठली, भाकरी टाकायला गेली आणि तव्याकडं तोंड करून म्हणाली की येत्या शुक्रवारी तीही येणार आहे.

ती आली. तिनं डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि भाकऱ्या घेतल्या होत्या, म्हातारीसाठी वेगळी पुरचुंडी बांधली होती. खडकावर बसून नवऱ्याचे बारा हात बघायचे, एवढाच तिचा बेत होता, निदान पंढरीचा तरी तसा समज होता. पंढरी पाण्यात उतरला, बारा हात मारून पलीकडं गेला आणि वाळूवर उभा राहून वळला, तर खडकावर कुणी नाही. इंदुबाई काष्टा घालून पाण्यात उभी होती आणि म्हातारी तिला पाठीवर लोटत होती. ती आटपाडीशेजारच्याच कोरड्या गावची, तिनंही पाणी असं कधी बघितलं नव्हतं. तिनं डोळे मिटले आणि म्हातारीनं हात काढला.

इंदुबाई तरंगत राहिली. सुकं पान राहावं तशी.

पंढरी पलीकडं उभा होता. आपल्याला इतकं यायला किती वेळ लागला होता आणि हिला किती लागतोय, हे मोजायला त्यानं हात वर केला. घड्याळ म्हातारीच्या दंडावर होतं. कडं तिनं कुठल्या कुठं फिरवून ठेवलं होतं. त्यानं पलीकडून हाक मारून, पाणी आता उन्हानं कोमट झालंय, मी आलो तेव्हा फार गार होतं, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. जिवल्यानं मान डोलावली. बायडीनं परत पदर तोंडाला लावला. इंदुबाईला काही ऐकू गेलं नाही, तिचे कान पाण्याखाली होते.

मग तो पोहत परत आला आणि तिच्याशेजारी उभा राहिला. कितीतरी वेळानं तिनं डोळे उघडले. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की त्याची चडफड तिथल्या तिथं विरघळली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, दोन खोल्यांत दोघं राहत होती, आणि तिचा असा चेहरा त्यानं पाहिला नव्हता. "हात आखडू नकोस," तो शिकवल्यासारखं म्हणाला, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं. तिनं हात आखडले नव्हतेच.

एप्रिल संपेपर्यंत इंदुबाई डोहाला न थांबता तीन फेऱ्या घालू लागली. पंढरी दीड घालतो, मग वाळूवर बसून तिच्या फेऱ्या मोजतो आणि घड्याळाकडं बघून मिनिटं सांगतो. घड्याळ आता तो पाण्यात हातावर ठेवतो, पण म्हातारीनं मागितलं की काढून देतो, आणि बहुतेक वेळा ती मागतेच. मेहुलभाईंनी एक-दोनदा चौकशी केली आहे, नदीवर पाणी कितपत खोल आहे, खडक निसरडे आहेत का, आणि शुक्रवारी साधारण किती वाजता निघता. त्यांना पोहता येतं की नाही हे पंढरीनं विचारलेलं नाही. चिंचणीला तेही कमरेच्या पुढं गेले नव्हते, एवढं मात्र त्याला आता आठवतं.

गेल्या आठवड्यात प्रियदर्शिनीचा पुण्याहून फोन आला. घड्याळ कसं आहे, बंद तर नाही ना पडलं, हे तिनं नेहमीप्रमाणं विचारलं. पंढरी तबकडी, कडं आणि काट्यांच्या उजेडाबद्दल सविस्तर सांगायला बसणार, एवढ्यात इंदुबाईनं त्याच्या हातातून फोन घेतला आणि मुलीला, पाण्यात घालायचे ते कपडे मिळतात ना, ते मागवता येतील का, असं विचारलं. मग मुलीनं विचारलं, "कुणासाठी?"

"मलाच," इंदुबाई म्हणाली. "बाह्या लांब बघ. आन् रंग असा बघ की नदीवर लांबून उठून दिसला न्हाय पायजे, गोजराबाईंचा दीर तिकडनंच जातो."